घर क्रमांक १०

दोन माणसं दिली आहेत. प्रत्येकाचे आई-वडील, त्यांचे आई-वडील असे पाच पिढ्यांचे पूर्वज दिले आहेत. दोघांना एखादा समान पूर्वज आहे का ते शोधा. असेल तर तो कितव्या पिढीत येतो तेही सांगा.

पेणला मी प्रोग्रामिंग शिकवते आणि नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना हा प्रश्न दरवर्षी घालते. बी.एस्सी. आयटी, कॉम्प्युटर सायन्स, थोडी डिप्लोमावाली अशी मुलं असतात. वडखळ-गडबकडची मिनीडोअर नाहीतर एसटीने येतात. रोह्याची दिवा-रोहा मेमूने निडी, नागोठणे, कासू करत पोचतात. गणपतीच्या आधी हमरापूर-जोह्याची मुलं मूर्तींच्या कारखान्यांत रंगकामाला बसलेली असतात, त्यामुळे हा धडा मी दिवाळीनंतरच काढते.

कंपन्यांच्या ऑनलाइन परीक्षेत ‘बायनरी ट्री’चा एक तरी प्रश्न असतोच. पुस्तकात त्यासाठी गोल काढलेले असतात आणि गोलांत आकडे: ३, ९, २०, १५, ७. मुलं ते पाठ करतात. आकडा बदलला की अडतात, कारण त्या आकड्यांशी कुणाचंच काही नातं नसतं. म्हणून मी गोलांत माणसं बसवली.

बायनरी ट्री म्हणजे काय, हे माणसांवरून सांगायला पाच मिनिटं पुरतात. प्रत्येक गोलाला खाली जास्तीत जास्त दोन फांद्या, एक डावी आणि एक उजवी. माणसाला जन्म देणारेही दोनच, वडील आणि आई. डावीकडे वडील, उजवीकडे आई असं ठरवलं की झालं झाड. गोलाला म्हणायचं नोड. सुरुवातीचा नोड म्हणजे रूट, तो तुम्ही स्वतः. ज्याच्या पुढे काही नाही तो लीफ. आणि जिथे नोडच नाही तिथे ‘नल’, म्हणजे रिकामं. कॉम्प्युटरवाले हे झाड उलटं काढतात, मूळ वर आणि पानं खाली. आम्ही फळ्यावर मूळ खालीच ठेवतो, पूर्वज वर जातात.

घराघरांत जी वंशावळ असते, तिचं झाड मात्र वेगळं. ती मूळ पुरुषापासून खाली उतरते आणि एका नोडला पाच-सहा मुलगे असू शकतात. ते बायनरी नाही. आमचं झाड एका माणसापासून वर चढतं आणि प्रत्येक पायरीला बरोबर दुप्पट होतं: १, २, ४, ८, १६. पाच पिढ्यांची बेरीज ३१.

कायद्याने घातलेला प्रश्न

पाच पिढ्यांचा आकडा मी मनाने घेतलेला नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये सपिंड नात्याची व्याख्या आहे. स्वतःला पहिली पिढी धरायची आणि वर मोजत जायचं. आईच्या बाजूने तिसऱ्या पिढीपर्यंत आणि वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत, दोन्ही टोकं धरून. वर आणि वधू या दोघांना आपापल्या मर्यादेच्या आत एखादा समान पूर्वज सापडला तर ते एकमेकांचे सपिंड. तसं लग्न कायद्याला मंजूर नाही. दोघांच्याही समाजात तशी रूढी असेल तर मात्र चालतं.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, संसदेने १९५५ सालीच आमच्या परीक्षेचा प्रश्न काढून ठेवलाय. दोन झाडं आहेत, खोलीची मर्यादा आहे, डाव्या आणि उजव्या फांदीला वेगळा नियम आहे, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. वकिली बारकावे आम्ही वकिलांवर सोडतो. वर्गापुरतं एवढंच धरतो, की वडिलांपासून वर जाणारी सगळी फांदी पाच पिढ्या आणि आईपासून वर जाणारी तीन.

रोहा-अष्टमीच्या एका मुलाने एकदा हात वर केला. “मॅडम, आमच्यात तर चुलत, मामे सगळं चालतं.” तो कोकणी मुसलमान. त्याला हा कायदा लागूच होत नाही. पण त्यामुळे वर्गाला एक चांगली सवय लागली. पाच आणि तीन हे आकडे प्रोग्रामच्या पोटात कोरून ठेवायचे नाहीत, बाहेरून द्यायचे. नियम बदलला तर आकडे बदलतील, चालण्याची रीत तीच राहील.

घरांना नंबर

झाड कागदावर मांडायला एक जुनी युक्ती आहे. स्वतःला १ नंबर द्या. कोणाचाही नंबर दुप्पट केला की त्याच्या वडिलांचा नंबर मिळतो, आणि दुप्पट करून एक मिळवला की आईचा. तुमचे वडील २, आई ३. वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५. आईचे वडील ६, आईची आई ७.

ही युक्ती युरोपातल्या वंशावळकारांची. मिखाएल आइत्सिंगरने ती १५९० मध्ये छापली, आणि पुढे १६७६ मध्ये स्पेनच्या हेरोनिमो दे सोसाने वापरली. १९६४ साली जे. डब्ल्यू. जे. विल्यम्सने ‘हीपसॉर्ट’ ही क्रम लावण्याची पद्धत काढली, तिच्यातही झाड सरळ यादीत ठेवायला हाच दुप्पट आणि दुप्पट-अधिक-एकचा हिशेब आहे. आजची मुलं तो ‘ॲरेमध्ये ट्री’ म्हणून शिकतात. राजघराण्यांच्या वंशावळींसाठी तो पावणेचारशे वर्षं आधीच तयार होता, हे त्यांना कोणी सांगत नाही.

सरावाला मी विनोबा घेते, कारण ते पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म ११ सप्टेंबर १८९५. घर १ मध्ये विनायक, २ मध्ये नरहर शंभुराव भावे, ३ मध्ये रुक्मिणीबाई, ४ मध्ये शंभुराव. इथपर्यंत मुलं पटापट भरतात. ५ ला पेन थांबतं. या थांबण्याकडे मी तेव्हा मुद्दाम लक्ष देत नाही, ते पुढे कामाला येतं.

नंबराची खरी गंमत तो दोनच्या पायावर लिहिला की कळते, म्हणजे फक्त १ आणि ० वापरून. ५ म्हणजे १०१. पहिला १ म्हणजे तुम्ही. पुढचा ० म्हणजे वडिलांकडे वळा, त्यापुढचा १ म्हणजे आईकडे. वडिलांची आई! १४ म्हणजे १११०: आईच्या आईचे वडील. नंबरातच रस्ता लिहिलेला आहे. एकूण अंक मोजले की पिढी कळते, आणि दुसरा अंक ० की १ ते पाहिलं की बाजू कळते. कायद्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी नंबराने फुकट दिल्या.

आणखी एक. २, ४, ८, १६ ही घरं म्हणजे बाप, आजा, पणजा, खापरपणजा. दोनच्या पायावर ती १ आणि पुढे नुसती शून्यं अशी दिसतात. सरळ आईची आई, तिची आई अशी रांग धरली तर ३, ७, १५, ३१, आणि सगळे एकच एक.

फेरी आणि नोंद

आता उत्तर काढायचं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला ट्रॅव्हर्सल, म्हणजे झाडातल्या प्रत्येक घरी जाऊन येणं. दुसरा लुकअप, म्हणजे एखादं नाव आधी आलंय का ते नोंदीत पाहणं.

फेरीचा नियम मुलांकडून मी मराठीतच म्हणवून घेते. या घरात कोणी आहे का? नसेल तर परत फिर. असेल तर नोंद कर. मग वडिलांच्या घरी जाऊन हेच सगळं कर. तिथून परत आल्यावर आईच्या घरी जाऊन हेच सगळं कर. चार-पाच ओळी. ‘हेच सगळं कर’ म्हणजे रिकर्शन, फंक्शनने स्वतःलाच बोलावणं. याला मुलं घाबरतात ती शेवट दिसत नाही म्हणून. शेवट पहिल्याच ओळीत आहे: रिकामं घर लागलं की परत फिर.

या फेरीत आधी माणूस, मग डावीकडे, मग उजवीकडे असा क्रम असतो. तो प्रीऑर्डर. आधी डावीकडची सगळी फांदी, मग माणूस, मग उजवीकडची फांदी असं केलं तर इनऑर्डर. दोन्ही फांद्या झाल्यावर माणूस, तर पोस्टऑर्डर. आमच्या कामाला चौथी रीत बरी पडते, लेव्हल ऑर्डर. सगळे आई-वडील, मग सगळे आजी-आजोबा, मग पणजी-पणजोबा, अशी पिढीवार. पाचवी पिढी झाली की थांबायचं. यात पुढच्या पिढीची घरं रांगेत लावून ठेवावी लागतात, त्या रांगेला क्यू म्हणतात.

दोन झाडांच्या दोन फेऱ्या झाल्या. आता जुळणी. पहिल्यांदा सोडवताना जवळजवळ प्रत्येक मूल एकच करतं. वराचा एक पूर्वज घेतं आणि वधूच्या सगळ्या पूर्वजांशी पडताळतं, मग वराचा दुसरा, पुन्हा वधूचे सगळे. मर्यादेत बसणारी घरं मोजू. वडिलांच्या बाजूला १ + २ + ४ + ८ = १५, आईच्या बाजूला १ + २ = ३, आणि स्वतः एक. एकूण १९. म्हणजे १९ गुणिले १९, एकूण ३६१ पडताळण्या.

त्याऐवजी वराच्या झाडात फिरताना प्रत्येक पूर्वज एका तक्त्यात टाकून ठेवायचा आणि वधूच्या झाडात फिरताना प्रत्येकासाठी फक्त तक्त्यात पाहायचं. १९ नोंदी आणि १९ वेळा पाहणं, मिळून ३८. दहा पिढ्या घेतल्या तर एका झाडात १,०२३ घरं. आधीच्या रीतीने साडेदहा लाखांच्या आसपास पडताळण्या, तक्त्याने २,०४६ पावलं. परीक्षेत ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ असा लाल शेरा येतो तो या फरकाचा.

तक्त्यात पाहणं एका पावलात कसं होतं? पायथॉनमध्ये त्याला डिक्शनरी म्हणतात, जावात हॅशमॅप. पोस्टात पत्रं कप्प्यांत लावतात तसं काम आहे. शिपाई सगळी पत्रं चाळत बसत नाही, पत्ता वाचून थेट त्या कप्प्यात हात घालतो. इथे नावावरून एक आकडा काढतात आणि तो आकडा कप्पा सांगतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लूनने ही कल्पना १९५३ साली मांडली. दोन नावांना एकच कप्पा येऊ शकतो, तेव्हा कप्प्यातली दोन-तीन नावं वाचावी लागतात. तरी सरासरीने काम एका पावलाचंच.

पुस्तकातला धडा इथे संपतो. आमचा इथून सुरू होतो.

मामाची मुलगी

प्रोग्राम तपासायला उदाहरण हवं. मी देते आतेभाऊ आणि मामेबहीण. महाराष्ट्रात कितीतरी समाजांत हे लग्न होतं. मुलाच्या आईचे वडील म्हणजे त्याचं घर ६. तेच मुलीच्या वडिलांचे वडील, तिचं घर ४. मुलाच्या बाजूने आईकडून तिसरी पिढी, मर्यादेच्या काठावर पण आत. मुलीच्या बाजूने वडिलांकडून तिसरी, तीही आत. प्रोग्राम म्हणतो, ‘हो, सपिंड.’ पुढे रूढीचा प्रश्न येतो आणि तो प्रोग्रामच्या हातातला नाही.

वर्गात हशा पिकतो. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, “मॅडम, माझे आई-बाबाच असे आहेत.” तिच्या झाडात काय होतं ते फळ्यावर घेण्यासारखं असतं. तिच्या वडिलांची आई, घर ५, आणि आईचे वडील, घर ६, हे सख्खे बहीण-भाऊ. म्हणजे ५ चे आई-वडील, घरं १० आणि ११, हेच ६ चेही आई-वडील, घरं १२ आणि १३. माणसं दोन, घरं चार. पाचव्या पिढीत तीच गंमत दुप्पट होते. घरं ३१, माणसं २५.

काही मुलांचे प्रोग्राम इथे पडतात. ज्यांनी आधी सगळं झाड तक्त्यात टाकलं आणि मर्यादा नंतर पाहिली, त्यांच्या तक्त्यात एका नावापुढे एकच नंबर राहतो, शेवटी लिहिलेला. आधी १० लिहिला, मग १२ ने तो पुसला. १० म्हणजे वडिलांच्या बाजूची चौथी पिढी, मर्यादेच्या आत. १२ म्हणजे आईच्या बाजूची चौथी, मर्यादेच्या बाहेर. तीच व्यक्ती, आणि उत्तर ‘हो’चं ‘नाही’ झालं. उपाय सोपा आहे: नावापुढे एक नंबर न ठेवता नंबरांची यादी ठेवायची, किंवा मर्यादेबाहेर पाऊलच टाकायचं नाही. पण दोष दिसण्यासाठी असं घर समोर असावं लागतं. पुस्तकातल्या ३, ९, २० या आकड्यांत तो कधीच दिसत नाही, कारण तिथे कोणी मामाच्या मुलीशी लग्न केलेलं नसतं.

ओळख कशावरून पटवायची

तक्त्यात काय लिहायचं? नाव, असं सगळे म्हणतात. मग मी नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली पद्धत काढते. मुलगा नारायण गणपत. वडील गणपत नारायण. आजोबा पुन्हा नारायण गणपत. आडनावही एकच. म्हणजे घर १ आणि घर ४ यांचं पूर्ण नाव सारखं, आणि माणूस स्वतःचाच आजोबा ठरतो. त्यात म्हात्रे, पाटील, ठाकूर ही आडनावं आमच्या तालुक्यात गावोगाव. दोन निराळ्या गावांतले दोन नारायण गणपत पाटील सहज निघतात. प्रोग्राम त्यांना एकच समजतो आणि जुळू शकणारं स्थळ मोडतो.

बायकांच्या बाबतीत दोष उलट दिशेने येतो. लग्नात मुलीचं नाव बदलायची, ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायची रीत आपल्याकडे होती आणि काही घरांत अजून आहे. माहेरी यमुना, सासरी लक्ष्मी. नातवंडांना लक्ष्मीच माहीत. तिच्या भावाच्या नातवंडांना यमुनाआत्या माहीत. व्यक्ती एक, नावं दोन, आणि तक्त्यात पाहिलं की ‘सापडत नाही’. झाडात वर चढायला हिच्या आई-वडिलांपर्यंत जायला हवं आणि त्याला लागतं माहेरचं नाव. घरात शिल्लक असतं सासरचं.

म्हणून प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. नाव, वडिलांचं नाव, गाव, माहेर, जन्माचा अंदाज हे सगळे तपशील त्या क्रमांकाखाली. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे माणसांनी विचारून ठरवायचं आणि मगच एक क्रमांक द्यायचा. फेरी आणि तक्ता कॉम्प्युटर करतो. ओळख पटवणं त्याच्या आधीचं काम आहे, आणि तेच अवघड.

रिकामी घरं

यानंतर मुलांना ३१ घरांचा कोरा तक्ता देते. घरी जा, भरून आणा.

येतात तेव्हा सगळ्यांचे कागद आश्चर्य वाटावं इतके सारखे असतात. २, ४, ८ भरलेलं. बऱ्याच जणांचं १६ सुद्धा. आणि ५ च्या वर शांतता.

कारण विचारलं तर मुलंच सांगतात: जात पडताळणी. प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र काढताना फाइलला वंशावळ जोडावी लागते आणि ती वडिलांच्या बाजूची. पणजोबांच्या नावापर्यंत कागद शोधावे लागतात, गाव नमुना १४ मधल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला राज्यभरचं दप्तर उघडलं, त्यातही नोंद सापडल्यावर अर्जदाराला तिथपासून स्वतःपर्यंत वंशावळ जोडून दाखवावी लागतेच. फेरी, नोंद, जुळणी. फक्त फांदी एकच, शून्यांची: १०, १००, १०००, १००००.

मग इतर जागी शोधू. रोह्याच्या एका मुलाचे वडील भिक्षुकी करतात. श्राद्धात नावं कशी घेतात ते त्याने वर्गात सांगितलं: वडील, आजोबा, पणजोबा, मग आई, आजी, पणजी, मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा, त्यांच्या पत्नींसह. आम्ही नंबर मांडले: २, ४, ८, ३, ५, ९, ६, १२, २४, आणि पत्नींचे ७, १३, २५. ही तर ठरलेल्या क्रमाची फेरीच आहे, आणि तिच्यात आईच्या बाजूचा मान वंशावळीपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण या त्रयींतही १० नाही. वडिलांच्या आईचे वडील कुठल्याच ओळीत येत नाहीत.

छापील कुलवृत्तान्त पाहिले. तिथे मूळ पुरुषापासून मुलग्यांच्या शाखा उतरतात, लेकीची नोंद कुठल्या घरात दिली इथे थांबते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. तिथे शोध गावावरून आणि आडनावावरून चालतो. तुम्ही गाव सांगता, उपाध्ये नेमकी वही काढतात आणि तुमच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं समोर ठेवतात. तक्त्यात पाहणं याहून सुंदर मी कुठे पाहिलेलं नाही. पण आजीच्या वडिलांना शोधायचं तर त्यांचं गाव आणि आडनाव हवं, म्हणजे पुन्हा आजीचं माहेर आधी माहीत हवं.

आता कायद्याची मर्यादा या कागदांवर ठेवून बघा. आईच्या बाजूची ३, ६, ७ ही तीन घरं सगळ्यांना माहीत असतात, मामाकडे सुट्टी घालवलेली असते. वडिलांच्या बाजूची पंधरा. त्यांतली २, ४, ८, १६ अशी चार पडताळणीच्या फायलीत. उरलेली अकरा, ५, ९, १०, ११ आणि १७ ते २३, कोणा ना कोणा बाईची किंवा बाईच्या माहेरची. ५ आणि फार तर ९ भरलेलं असतं. सपिंड आहेत की नाहीत याचा निम्म्याहून जास्त शोध जिथे घ्यायचा, तिथेच कागद कोरा.

तिसरं उत्तर

आणि कोऱ्या कागदावर प्रोग्राम काय म्हणतो? ‘नाही. सपिंड नाहीत.’ अगदी ठामपणे. त्याच्या लेखी रिकामं घर म्हणजे परत फिर, तिथे कोणी नाहीच. पण प्रत्येकाला आजी होती आणि तिला वडील होते. पुस्तकातला ‘नल’ म्हणजे ‘नोड नाही’. आमच्या झाडातला ‘नल’ म्हणजे ‘माहीत नाही’. प्रोग्रामची ओळ तीच राहते, अर्थ बदलतो.

डेटाबेसवाल्यांनी हा घोळ ओळखला आहे. एसक्यूएलमध्ये ‘नल’शी तुलना केली तर उत्तर ‘खरं’ही येत नाही आणि ‘खोटं’ही, ‘अज्ञात’ येतं. आमच्या प्रोग्रामलाही तिसरं उत्तर द्यावं लागतं: सांगता येत नाही. नियम नीट मांडला तर असा. समान पूर्वज मर्यादेत सापडला तर ‘हो’, मग बाकीची घरं कितीही रिकामी असोत. ‘नाही’ म्हणायला मात्र दोघांचीही सगळी घरं भरलेली असायला हवीत. तसं नसेल तर ‘सांगता येत नाही’, आणि सोबत रिकाम्या घरांची यादी.

‘हो’ला एक पुरावा पुरतो, ‘नाही’ला सगळं पाहावं लागतं. हे कळलं की मुलांची ट्रीची भीती जाते, कारण मग त्यांना दिसतं की कोडमध्ये अवघड काहीच नव्हतं. दहा-बारा ओळींच्या फेरीला आणि तक्त्याला आधी तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. ओळख कशावरून? एकच माणूस दोन घरांत आला तर? आणि रिकामं म्हणजे नाही, की माहीत नाही? नोकरीच्या मुलाखतीतही समोरचा हेच बघतो, उमेदवार लिहायला लागण्याआधी काय विचारतो ते.

राज्य सरकारने १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचं ठरवलं आहे: स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. झाडाच्या भाषेत, उजवी फांदी नावातच आली. उद्याच्या मुलांना घर ३ शोधावं लागणार नाही. ६ आणि ७ मात्र लागतील, कारण त्या नावात आईचं माहेर नाही.

रिकाम्या घरांची यादी कुठल्या क्रमाने छापायची, यावर मागच्या बॅचमध्ये वाद झाला. रोह्याच्या एका मुलीने तो मिटवला. लहान नंबर आधी, ती म्हणाली, कारण १० कोण ते कळल्याशिवाय २० आणि २१ विचारण्यात अर्थ नाही. तिच्या प्रोग्रामने तिच्याच घराची यादी काढली: १०, ११, १७, १८… तिचे वडील धाटावच्या कंपनीत पाळीवर होते, म्हणून तिने थेट आजीला धरलं. आजीने आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आईचं सासरचं नाव सांगितलं. माहेरचं नाव विचारल्यावर म्हणाली, “ते मला काय माहीत बाय? नागोठण्याला माझी मावसबहीण आहे, तिला विचार. तिला आमच्या सगळ्यांची नावं पाठ.” पुढच्या रविवारी मुलगी वर्गाला उशिरा आली. मेमूतून नागोठण्याला उतरून आली होती आणि तिच्या कागदावर ११ पुढे माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं होती, २२ आणि २३ सुद्धा भरलेले होते.